एक आकडा न देणारा माणूस

सरांना "उद्या किती वाजता येणार?" असं विचारण्याची चूक मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात केली. "साडेनऊ ते दहा चाळीस," ते म्हणाले. मी नवीन होते, मला वाटलं गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी ते दहा एकोणचाळीसला आले, हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दिलेल्या मर्यादेत." या माणसापायी आपले केस अकाली पांढरे होणार हे मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. कानशिलापाशी झालेच आहेत, आणि मी अजून पस्तिशीही गाठलेली नाही.

आमची कंपनी हडपसरला, एका शेडमध्ये. आम्ही रुग्ण उचलायचं यंत्र बनवायचो. ज्याला स्वतःहून उठता येत नाही अशा माणसाला कापडी झोळीत बसवायचं, बटण दाबायचं, की एक दांडा त्याला पलंगावरून अलगद वर उचलतो आणि खुर्चीत नेऊन ठेवतो. दिसायला सोपं. पण मोटर बंद केल्यावर तो माणूस हवेत नुसत्या एका जाड स्क्रूच्या घर्षणावर लटकलेला असतो. त्या घर्षणाचा हिशेब संगणकावर मांडणं हे माझं काम होतं. मी यवतमाळची, पुण्यात इंजिनियरिंग करून इथंच चिकटलेली, आणि कंत्राटावर. कायम होण्याचं पत्र या पहिल्या यंत्राच्या अहवालावर अवलंबून होतं. हे मला मॅनेजरने, म्हणजे निखिलने, इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतसुद्धा मी ते म्हणून दाखवलं असतं.

सर गणिताचे निवृत्त प्राध्यापक. आमचे मालक त्यांचे जुने विद्यार्थी, म्हणून सर आठवड्यातून दोन दिवस सल्लागार. मालक वर्षातले आठ महिने परदेशी. सरांवर चिडण्याचं काम त्यामुळे आपोआप माझ्याकडे आलं.

एकदा कंपनीची गाडी आली नाही म्हणून मी त्यांच्याबरोबर रिक्षा शोधायला रस्त्यावर उभी राहिले. रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं?"

"बिबवेवाडी. किंवा तिच्या आसपास."

"काका, एक काय ते ठरवा ना."

"तुम्ही कुठपर्यंत न्यायला तयार आहात ते सांगा. त्यातलं मी ठरवतो."

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याविषयी खरी कणव होती. मग तो निघून गेला. त्याच्यानंतर आणखी तीन गेले. मी म्हटलं, "सर, नुसतं बिबवेवाडी म्हणा ना!" तर म्हणाले, "अहो, पण मला मधेच चष्म्याच्या दुकानातही जावंसं वाटू शकतं. खोटं कशाला बोलायचं?" शेवटी आम्ही बसने गेलो, उभ्याने, आणि ते चष्म्याच्या दुकानात गेले नाहीत ते नाहीतच.

त्यांच्या घरी हाच प्रकार. एकदा कागद द्यायला गेले तर काकूंनी आग्रहाने जेवायला बसवलं. सरांचं पहिलं लक्ष आमटीवर. काकूंनी विचारलं, "मीठ बरोबर आहे का?" सर म्हणाले, "चालण्याच्या मर्यादेत आहे." काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? बेचाळीस वर्षं मी मर्यादेत स्वयंपाक करतेय. एकदा तरी छान म्हणावं, नाहीतर खारट म्हणून ताट तरी भिरकावावं. दोन्ही नाही." सर शांतपणे दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत होते.

पण हा नुसता स्वभाव नव्हता, हे त्यांचं गणित होतं. त्यांनी उभं आयुष्य ज्याच्यापायी घातलं त्याला डिफरन्शियल इन्क्लूजन म्हणतात. मला ते त्यांनी चहाच्या टेबलावर समजावलं आणि माझा चहा गार केला. एरवी आपण जे समीकरण मांडतो ते काय सांगतं? वस्तू आत्ता इथे आहे, तर पुढच्या क्षणी ती अमुक दिशेने, अमुक वेगाने जाईल. प्रत्येक बिंदूवर एक बाण. बाण धरून चालत राहा, रस्ता सापडतो. सरांचं म्हणणं, जगात पुष्कळ ठिकाणी असा एक बाण नसतोच. तिथे शक्य दिशांचा अख्खा जुडगा असतो, हातपंखा उघडावा तसा. पुढचं पाऊल त्या पंख्यात कुठेतरी पडेल एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. मग रस्ताही एक निघत नाही, रस्त्यांचा पट्टा निघतो. "बाण काढू नका, पंखा काढा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की कँटीनमधली पोरं ते त्यांच्या आवाजात म्हणायला लागली होती.

"आणि याचा उपयोग काय, सर?" मी विचारलं. गार चहामुळे माझा आवाज जरा चढलाच होता.

त्यांनी पिशवीतून फळा पुसायचं लाकडी डस्टर काढलं. कॉलेज सोडताना ते बरोबर आणलं होतं म्हणे. टेबलावर ठेवून म्हणाले, "एका बोटाने ढकला. हळू."

मी ढकललं.

"हललं?"

"नाही."

"मग घर्षण किती?"

"मी ढकललं तेवढंच."

"आता जरा जास्त जोर लावा. हललं? नाही. आता घर्षण किती?"

"आता लावला तेवढा जोर."

"म्हणजे डस्टर जागचं हललेलं नाही, वजन तेच, टेबल तेच, आणि घर्षण मात्र दोन. स्थिर असताना घर्षण हा आकडा नसतोच. शून्यापासून एका टोकापर्यंत काहीही असू शकतं, तुमच्याकडे बघून ठरतं. एकदा का ते टोक ओलांडलं की सुटलं. आणि तुम्ही लोक तिथे एक आकडा लिहिता."

मला ते पटलं, हीच तर अडचण. माणूस नुसता वेडा असता तर बरं झालं असतं. चिडून मोकळी झाले असते.

कारण आम्ही खरंच तिथे एक आकडा लिहीत होतो. संगणकाला अशी अनिश्चित जागा आवडत नाही, म्हणून आम्ही शून्य वेगाजवळ घर्षणाची उभी रेघ थोडी तिरकी करून टाकायचो. सगळेच करतात. त्याचा एकच दोष. तिरक्या रेघेमुळे संगणकातलं ओझं कधीच पूर्ण थांबत नाही, मुंगीच्या पावलाने खाली सरकत राहतं. ती सरकण खोटी, आमच्या सोयीतून आलेली, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी एक ओळ घालून ठेवली होती. ती ओळ अशी सावकाश, सरळ सरकण शोधायची आणि वजा करायची. आम्ही तिला झाडू म्हणायचो. ती लिहिणारा मुलगा केव्हाच खराडीला दुसऱ्या नोकरीत गेला, झाडू मागे राहिला. आलेख काढला की झाडू फिरायचा, स्वच्छ आडवी रेघ यायची, सगळे खूश.

सरांना ही ओळ दिसली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "हे म्हणजे आधी घरात चिखल आणायचा आणि मग फरशी पुसली म्हणून कौतुक करून घ्यायचं." त्यांनी सगळं नव्याने, त्यांच्या पद्धतीने मांडायला घेतलं. निखिल तीन आठवडे देत होता. सरांनी "तीन ते अकरा" मागितले आणि सहाव्या आठवड्यात एक पट्टा आणून समोर ठेवला. पट्ट्याचा वरचा काठ अगदी आडवा होता, म्हणजे ओझं जागेवर. खालचा काठ मात्र हळूहळू उतरत होता.

"सर, हे काय आहे?" निखिलने विचारलं.

"वंगण गरम झालं, आजूबाजूला थरथर असली, तर घर्षणाचं टोक खाली येतं. तेव्हा थोडं थोडं सुटू शकतं. सुटेलच असं नाही."

"सर, क्लायंटला बँड नाही दाखवत कोणी. लाइन दाखवतात. मला एक लाइन द्या ना, प्लीज."

"कुठली? भरपूर आहेत."

निखिल उठून बाहेर गेला. मी बाहेर जाऊ शकत नव्हते, माझं टेबल तिथंच होतं.

मधल्या काळात खऱ्या यंत्राची चाचणी झाली. झोळीत वाळूची पोती घातली, वर उचलली, मोटर बंद केली, आणि मोजणी यंत्राने तासभर उंचीची नोंद केली. नोंद माझ्याकडे आली. मी नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये घातली, नेहमीचं बटण दाबलं, नेहमीची आडवी रेघ आली. निखिलने माझ्या पाठीवर थाप मारली. मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. आईला फोन करून म्हटलं, आता पत्र आलंच समज.

अहवालावर दोन सह्या लागत. एक माझी, एक गणित तपासणाऱ्याची. सरांनी सही केली नाही. मी आठवडाभर त्यांच्या मागे लागले. कधी ते "वाचतो आहे" म्हणायचे, कधी नुसते भिजवलेले शेंगदाणे पुढे करायचे. शेवटी माझा तोल गेला, आणि रागात मी नेहमीच यवतमाळला पोचते.

"काहून नाही सांगत तुम्ही, सर? घसरते की नाही घसरत? एका शब्दात सांगा ना!"

"घसरू शकतं."

"हे दोन शब्द आहेत! आणि उत्तर एकही नाही!"

"अहो, मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत असतं तर सांगितलं असतं."

"मग आडवी रेघ काय खोटं बोलते? खऱ्या यंत्राची आहे ती."

त्यांनी भिजवलेल्या शेंगदाण्यांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, जिंकले. मी निखिलला विचारलं, तो म्हणाला, सरांची सही नंतर घेऊ, तू तुझी कर. मी केली. "गणिती तपासणी पूर्ण" असंही लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही, हे मुद्दाम सांगते.

आमच्याकडे एक रीत होती. कुठलंही नवीन यंत्र पहिल्यांदा रुग्णालयात जायच्या आधी ज्याची अहवालावर सही त्याने त्यात लटकायचं. दोन मिनिटं, टाळ्या, फोटो, मग समोसे. मी त्या दिवशी मुद्दाम चांगला ड्रेस घालून आले होते. यंत्र शेडच्या मध्यावर, सगळे गोल करून उभे, आणि मी पुढे झाले तोच सर म्हणाले, "मी बसतो."

"सर, सही माझी आहे."

"म्हणूनच."

सत्तरीच्या माणसाला नाही कसं म्हणणार? त्यांना झोळीत बसवलं, वर उचललं. त्यांच्या जुन्या चपलांचे तळवे जमिनीपासून चार बोटं वर होते. यंत्राची अटच तशी होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मधेच थांबवावं लागलं तर त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये, भार पडला तर केलेलं काम वाया. मोटर बंद झाली. टाळ्या झाल्या. फोटो झाला. निखिल म्हणाला, "चला सर, खाली घेतो."

"नको. चाळीस ते साठ मिनिटं थांबतो."

"सर?"

"लाइट गेली. बॅटरी संपली. नर्स दुसऱ्या वॉर्डात आहे. किती वेळ लागेल तिला यायला? तुम्ही सांगा, मी तेवढंच थांबतो."

निखिल घड्याळ बघू लागला. सरांनी पिशवीतून वर्तमानपत्र मागून घेतलं, घडी उलगडली आणि हवेत बसून शब्दकोडं सोडवायला लागले. पाच मिनिटं सगळे कौतुकाने उभे होते. मग समोशांचा वास आला आणि एकेक जण सटकला. निखिल म्हणाला, "तू थांब हं इथे. पडले बिडले तर."

मी समोर स्टूलवर बसले. माझे समोसे गेले, माझा फोटो गेला, माझा दिवस गेला. सर मधूनच विचारत होते, "चार अक्षरी, शेवटी र, हट्टी माणूस?" मी म्हटलं, "सुचत नाही." सुचत पुष्कळ होतं, पण अक्षरं जास्त होत होती. शेजारचा कॉम्प्रेसर धडधडत होता. झोळी किंचित डुलत होती, कारण माणूस श्वास घेतो, पान उलटतो, पोत्यासारखा निमूट बसत नाही.

चाळीस मिनिटं झाली असतील. सरांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "पाय टेकले."

मी खाली पाहिलं. दोन्ही चपला जमिनीवर सपाट टेकल्या होत्या. झोपाळ्यावर बसून पाय टेकवावेत तशा.

मी धावत टेबलाशी गेले. पोत्यांच्या चाचणीची मूळ नोंद उघडली, आकडे जसे आले होते तसे, झाडू न फिरवता. रेघ आडवी नव्हती. उतरत होती, सावकाश, सरळ, अगदी त्या खोट्या सरकणीसारखी. खरी सरकण आली होती आणि आम्ही ती खोटी समजून झाडून टाकली होती. मी, माझ्या हाताने, माझ्या सहीनिशी.

परत आले तेव्हा सर झोळीतून उतरून गुडघे चोळत होते.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

"नव्हतं. माझ्या पट्ट्यात दोन्ही होतं. म्हणून तर बसलो." मग म्हणाले, "तुम्हाला केव्हा दिसलं?"

"आत्ता. तुम्ही म्हणालात तेव्हा."

"बरं," ते म्हणाले.

त्याच दुपारी मी अहवाल मागे घेतला. निखिल म्हणाला, चार बोटांनी काय होतं, एक वॉशर टाकू. मी नाही म्हटलं, आणि ते कसं म्हटलं ते इथे लिहीत नाही. यंत्राला वेगळा ब्रेक बसवावा लागला. काम वर्षभर लांबलं, माझं पत्रही. त्या वर्षात आईला फोनवर काय सांगायचं हा प्रश्न रोज होता. सरांवरचा माझा राग तरीही गेला नाही. एवढं सगळं आधी स्पष्ट बोलून टाळता आलं नसतं का? स्वतःला टांगून कसली चाचणी घेतात?

नवं यंत्र रुग्णालयात गेलं, पत्र आलं, तेव्हा मी पेढे घेऊन बिबवेवाडीला गेले. सरांनी तोपर्यंत कंपनीत येणं सोडलं होतं, गुडघे चालू देत नव्हते. काकू आत चहा टाकत होत्या. सरांनी पेढा खाल्ला, गोड आहे की नाही ते अर्थातच सांगितलं नाही. मी त्यांच्यासमोर बसले होते, आणि वर्षभर मनात ठेवलेलं एकदम बाहेर पडलं.

"सर, मी त्या दिवशी खोटं बोलले. मला आधीच दिसलं होतं. विसाव्या मिनिटाला तुमच्या चपला जमिनीच्या जवळ आल्या होत्या. चारची दोन बोटं झाली होती. मी बघितलं, आणि मोबाईल काढून त्यात बघत बसले."

सरांनी पेढ्याची बोटं रुमालाला पुसली.

"विसाव्या?" ते म्हणाले. "मला पंचविसाव्याला कळलं."

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग लागला, आणि डोकंच फिरलं. "मग पुढची पंधरा मिनिटं तुम्ही तसेच लटकून काय करत होतात? तेव्हाच का नाही म्हणालात?"

"तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो," सर म्हणाले.